स्क्रू ड्रायव्हरला लटकलेला आरजे-४५

सीसीटीव्हीच्या धंद्यात अकरा वर्षं काढली, म्हणून हे लिहायला जास्तच लाज वाटते. पण मी गप्प बसलो तर मला बनावट माल विकणारा माणूस उद्या तुम्हाला गाठेल.

नाशकात एका सोसायटीचं ४८ कॅमेऱ्यांचं काम होतं. नावाजलेल्या कंपनीच्या आरजे-४५ कनेक्टरचा, म्हणजे नेटवर्क केबलच्या टोकाला लागणाऱ्या प्लगचा, शंभराचा डबा मला १,६०० ला पडतो. तोच डबा मुंबईचा एक व्यापारी ८५० ला देत होता. सॅम्पल अस्सलच निघालं. केबलवर दाबून बसवून, म्हणजे क्रिम्प करून बघितलं होतं, डोळे झाकून नाही घेतलं. वर्षभराचे म्हणून २० डबे उचलले. १७,००० रुपये, कच्च्या बिलावर. हसा, पण या लाइनीत पक्कं बिल कितीजण मागतात?

खरी माती पुढे खाल्ली. पहिल्याच दिवशी माझ्या चुंबकी स्क्रू ड्रायव्हरला एक कनेक्टर लटकला. हाताखालचा पोरगा म्हणाला, "दादा, हा चिकटतोय बघा." आणि मी हसलो! पिना फॉस्फर ब्राँझच्या, त्यावर निकेलचा आणि सोन्याचा पापुद्रा. असा प्लग चुंबकाला लोंबकळेल का? मला हे पाठ आहे. तरी म्हणालो, "लाव पटापट, चेअरमन खाली उभेत."

केबल टेस्टरचे आठही दिवे लागले होते. त्यावर विसंबू नका, त्याला तार जुळल्याशी मतलब, पिन कशाची ते कळत नाही. जुलैत पावसाची ओल आणि पीओईचा, म्हणजे त्याच केबलमधून कॅमेऱ्याला जाणाऱ्या विजेचा करंट, लोखंडी पिना गंजल्या, ३१ कॅमेरे बंद.

दोन नवे डबे ३,२००, मजुरी ५,४००, सोसायटीने अडवलेले २२,०००. माल धरून ४७,६०० रुपये.

पोलीस ठाण्यात ऐकवलं, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? मुंबईला जा." झिरो एफआयआरचं, म्हणजे गुन्हा कुठेही घडो, कुठल्याही ठाण्यात नोंदवायचा, नाव काढलं तर साहेब जेवायला उठले. दोन तास जेवत होते. ग्राहक आयोगाच्या खिडकीवर म्हणे, "धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहकच नाही." स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला २०१९ च्या कायद्यात सवलत आहे, हे मी घरी येऊन वाचलं, खिडकीतल्या माणसाला ते माहीत नसावं? कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं, "हा माल आमचा नाही. कळवल्याबद्दल आभार." आभार!

खिशात चुंबक ठेवा. सॅम्पल गेलं खड्ड्यात, डब्याच्या तळातला नग काढून बघा.

१८ डबे माळ्यावर पडलेत. परवा त्याच व्यापाऱ्याचा मेसेज आला: नवीन स्टॉक, ७९०.