पोळीबरोबर काय: कैरीचं लोणचं की जवसाची चटणी?

बीपीची गोळी सुरू झाल्यावर मावशीने विचारलं, रोज पानात काय घेऊ?

आधी मीठ बघू. लोणचं वर्षभर टिकतं तेच मुळी मीठ-तेलाच्या जोरावर. दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ हवं. दोन-तीन फोडींतच त्यातला चांगला वाटा संपतो. बरणीच्या तळाचा खार भातावर घेणं तर नकोच. कैरीतलं क जीवनसत्त्वही मुरता मुरता घटतं.

चटणीत मीठ चवीपुरतं. शिवाय तंतू, प्रथिनं आणि ओमेगा-3 ही चांगली चरबी. पण कुटलेला जवस लवकर खवट होतो, म्हणून पंधरा दिवसांपुरतीच करावी. लोणच्याचा घाट वर्षातून एकदाच.

मावशी, तुला चटणीच. बीपी नसलेल्याला, प्रवासात किंवा तोंडाला चव नसताना लोणच्याची एखादी फोड खुशाल चालेल.