'सैराट' की 'फँड्री'?

नागराज मंजुळेंचा एकच सिनेमा पुन्हा बघायचा, तर कुठला? 'सैराट' (२०१६) लावला की अख्खं घर टीव्हीसमोर गोळा होतं. बुलेटवरची आर्ची, विहिरीत उडी टाकणारा परश्या, अजय-अतुलची गाणी. शेवट माहीत असूनही पूर्वार्ध हवाहवासा वाटतो.

'फँड्री' मात्र एकट्यानं बघावा. खालच्या मानलेल्या जातीतला शाळकरी जब्या घरच्यांसोबत गावातलं डुक्कर पकडतोय. डुक्कर हाताशी आलेलं, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्याचं सगळं घर जागच्या जागी ताठ उभं, आणि डुक्कर आपलं निवांत निघून जातं. आधी हसू फुटतं, मग स्वतःचीच लाज वाटते. वर्गातल्या शालूचं प्रेम मिळावं म्हणून काळ्या चिमणीमागे हिंडणाऱ्या जब्याचं वय मीही जगलोय. त्याची जात नाही.

माझं मत 'फँड्री'ला. शेवटी जब्या थेट कॅमेऱ्याकडे भिरकावतो त्या दगडाला अजूनही मान आपोआप बाजूला होते.