अक्षर आधी की शब्द आधी?

पहिलीच्या वर्गात मराठी वाचन शिकवण्याच्या दोन वाटा. एक जुनी: ग म भ न गिरवा, मग काना-मात्रा, मग बाराखडी घोका. दुसरी: चित्राखाली ‘घर’, ‘आई’ असे अख्खे शब्द दाखवा, अक्षरं मागाहून सुटी करा.

दुसरीत गोडी आहे, पहिल्या दिवसापासून अर्थ हाती लागतो. पण माझी भाची ‘होडी’ला बिनधास्त ‘नाव’ म्हणायची. चित्र झाकलं की गप्प! ती वाचत नव्हती, ओळखत होती. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांची गाठ बहुतांशी पक्की असते, ती मुलांपासून लपवायची कशाला?

घोकंपट्टीतही खाचा आहेतच. ‘कि’मधली वेलांटी लिहिताना आधी, उच्चारताना नंतर. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतला ‘च’ वेगळा. ‘कमळ’ सुटं सुटं वाचलं तर शेवटी ‘ळ’वर अडखळायला होतं, कारण बोलताना त्यातला ‘अ’ गळतो. शिवाय बारा रूपं संपेपर्यंत महिनोन्महिने एक गोष्ट वाचायला मिळत नाही, हे मला फार खटकतं.

माझं मत अक्षरांच्या बाजूने, पण बाराखडी पुरी होण्याची वाट न पाहता. म, र, क, ब आणि काना आला की ‘काका’, ‘मामा’, ‘बाबा’ लगेच वाचता येतात.