गोट-ट्रॅकर: आठ महिने, तीन आवाज

कमोडोर ६४ हा १९८२ सालचा घरगुती संगणक. त्यातली ‘सिड’ ही आवाजाची चिप बॉब यानेस यांनी रचली. तिला एका वेळी तीनच सूर वाजवता येतात, त्या प्रत्येकाला ‘आवाज’ म्हणायचं. लासे ओर्नी यांचा गोट-ट्रॅकर हा प्रोग्राम या चिपसाठी संगीत बांधायला आहे, तोही मोफत. गेले आठ महिने रोज रात्री तासभर मी त्यावर बसतोय.

पहिला महिना जड गेला. आकडे सगळे हेक्साडेसिमल, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलेले, माउसचा उपयोग जवळपास नाहीच, आणि सूर वरून खाली उतरत जाणाऱ्या तीन रांगांमध्ये भरायचे. हात बसल्यावर मात्र कीबोर्डवरचं काम फार झपाट्यानं होतं.

खरी गंमत त्या तीन आवाजांत आहे. पेटीवर सा-ग-प एकदम दाबता येतात. इथे तसं केलं तर चालीला आवाजच उरत नाही. म्हणून एकाच आवाजाला ०, ४, ७ असे (सा, ग, प यांचे, पेटीच्या पट्ट्यांत मोजलेले) स्वरांतर आळीपाळीनं द्यायचे. युरोपातल्या यंत्रांवर ही फिरकी सेकंदाला ५० वेळा बदलते आणि कानाला थरथरणारा एकच कॉर्ड ऐकू येतो. तीच युक्ती ठेक्यात. सुरुवातीला एका फ्रेमपुरता, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरता, नॉइज (नुसता खरखराट), मग झपकन खाली घसरणारी पल्स (चौकोनी लहरीचा सूर), आणि लगेच त्याच आवाजात बेसचा सूर. तिसऱ्या महिन्यात हे पहिल्यांदा जमलं तेव्हा त्याच चार मात्रा मी कितीतरी वेळ ऐकत बसलो होतो. रॉब हबर्ड यांच्यासारखे गेमचे संगीतकार १९८५च्या सुमारास हे थेट असेंब्लीत, म्हणजे यंत्राच्या जवळच्या भाषेत, लिहायचे, त्याचं मोल तेव्हा कळलं.

आणि मींड, एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं! पेटीवर ती निघत नाही. इथे सुराच्या वारंवारितेला १६ बिट आहेत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. पेटीत वाढलेल्या माझ्या कानांना हे फार मोठं देणं वाटतं.

तक्रारी दोन. चिपच्या एन्व्हलपमध्ये, म्हणजे सूर कसा उठतो आणि विरतो ते ठरवणाऱ्या भागात, मुळातच दोष आहे, सूर कधी उशिरा उठतो तर कधी गिळला जातो. त्यावर उपाय म्हणून प्रोग्राम नवा सूर लागण्याच्या दोन फ्रेम आधीच जुना बंद करतो. संथ चालीत ते जाणवत नाही, द्रुत तानेत सूर तुटक येतात.

दुसरी फिल्टरची, म्हणजे आवाजातला काही भाग गाळून त्याचा पोत बदलणाऱ्या भागाची. तिन्ही आवाजांत मिळून फिल्टर एकच, आणि सिडच्या जुन्या ६५८१ या आवृत्तीत तो नगागणिक वेगळा. लॅपटॉपवर घुमणारा माझा बेस, जुना कमोडोर मिळवून त्यावर वाजवला तेव्हा उशीखालून आल्यासारखा दबला. सिडच्या नंतरच्या ८५८० या आवृत्तीत फिल्टर बराच एकसारखा आहे. आता मी चाल आधी फिल्टरशिवाय उभी करतो, फिल्टर शेवटी आणि तोही बेताचा.

सुरांची जाण असेल आणि महिनाभर आकड्यांशी झटायची तयारी असेल तर नक्की घ्या. माझी सध्या यमनातली एक गत चालू आहे. तीव्र मध्यमावरून पंचमावर जाणारी मींड मनासारखी उतरली आहे, पण अंतऱ्यात ठेक्याला आवाज मोकळा सापडत नाही.