आठ महिने पेपरमधलं शब्दकोडं आणि कॉमिक: वापरून काय वाटलं

आधीच सांगते, बातम्यांसाठी मी पेपर लावलेला नाही, त्या आदल्या रात्रीच फोनवर वाचून झालेल्या असतात. मी पेपर लावला तो शेवटून दुसऱ्या पानासाठी, जिथे वर चार चौकटींचं कॉमिक असतं आणि खाली शब्दकोडं. आता आठ महिने झाले, मधे दोन-तीन दिवस सोडले तर एकही दिवस चुकवला नाहीये, म्हणून म्हटलं लिहावं.

त्याआधी वर्षभर मी फोनवरच कोडी सोडवत होते. तिथे काय होतं की चुकीचं अक्षर टाकलं की लगेच लाल होतं, अडलं की बल्बचं चित्र दाबायचं आणि उत्तर समोर. वर तो सलग किती दिवस खेळलात त्याचा आकडा, तो तुटू नये म्हणून मी रात्री पावणेबाराला डोळे चोळत कोडं सोडवलेलं आहे, त्याला मजा म्हणायची का हा प्रश्नच आहे. कागद काहीच बोलत नाही. तुम्ही सकाळी चुकीचा शब्द लिहिलात तर तो दिवसभर तिथे ऐटीत बसून राहतो आणि संध्याकाळी कधीतरी आडव्या नऊचं काही केल्या जमत नाही तेव्हा लक्षात येतं की अरे, घोळ वरच झालाय. हे जे उशिरा लक्षात येणं आहे ना, ते मला फोनवर कधी मिळालंच नाही.

आता मराठी कोड्याबद्दल. इंग्रजी कोड्यात एका घरात एक अक्षर, एकूण अक्षरं २६, त्यामुळे शब्दात शब्द अडकवणं सोपं जातं, अमेरिकन पद्धतीच्या कोड्यात तर प्रत्येक घर आडव्यातही असतं आणि उभ्यातही. आपल्याकडे कानामात्रेसकट अख्खं अक्षर एका घरात, जोडाक्षरसुद्धा. म्हणजे आडवा शब्द क्षत्रिय असेल तर घरं तीनच, पण मधल्या घरातून उभा शब्द काढायचा तर तो त्रि घेऊनच काढायला लागणार, मग त्रिकोण वगैरे. कोडं बनवणाऱ्याची दया येते खरं तर. म्हणूनच आपल्या कोड्यात काळी घरं जास्त असतात आणि बरीच घरं एकाच शब्दात येतात, म्हणजे तिथे दुसऱ्या बाजूने मदत नाही, शब्द माहीत असेल तर असेल.

आणि समानार्थी शब्दांचा तर कहर आहे. 'कमळ', घरं तीन. पंकज, नीरज, सरोज, जलज, अंबुज, नलिन, राजीव, सगळे तीन घरांचेच! शेवटचं अक्षर ज मिळालं म्हणून खूश व्हावं तर त्यातले पाच ज वरच संपतात, कारण ज म्हणजे जन्मलेलं, आणि कमळ जन्मतं पाण्यात नाहीतर चिखलात. म्हणजे हातात आलेलं अक्षर काडीच्या कामाचं नाही, खरा निकाल पहिल्या दोन घरांत. पहिल्या महिन्यात मला याचा राग यायचा, आता 'कमळ' दिसलं की हात चोळते.

आमच्याकडे पेपर आधी सासरे वाचतात, आणि त्यांना दोन शब्द भरून ठेवायची सवय आहे. दोनच, त्याहून जास्त नाही, आणि पेनाने. मी म्हटलं, "बाबा, पेनाने नका ना लिहू." तर म्हणाले, "अगं खात्री आहे म्हणूनच पेनाने लिहिलंय." ते होतं पंकज, आणि दुसऱ्या दिवशी निघालं सरोज. पेन्सिलच वापरा हो लोकहो, आणि त्यातही मऊ टू-बी घ्या, कडक पेन्सिल या कागदावर उमटतच नाही आणि जोर दिला की फाटतो. जेल पेन तर मागच्या पानावर पोचतं. खोडायचं तेही हळू. खाली पुठ्ठा घ्या.

तक्रारी आहेत, भरपूर आहेत. सूचनेत आडवा १४ आहे आणि चौकटीत १४ आकडाच नाही, असं आठ महिन्यांत चारदा झालं. ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका, एकदा उभा शब्द विमान आणि आडवा कवी, दोन्ही एकाच घरात, आता विमानातला वि ऱ्हस्व आणि कवीतला वी दीर्घ, मग लिहायचं काय? उत्तरात त्यांनी सरळ 'कवि' छापलं. जमत नसेल तर शब्द बदला ना. आणि पेपरला सुट्टी असली की उत्तर दोन दिवस लटकलेलं.

कॉमिककडे मात्र मी आधी दुर्लक्षच केलं होतं, वीस सेकंदांत वाचून संपतं, त्यात काय. तिसऱ्या महिन्यात कधीतरी लक्षात आलं की मी पान उघडल्यावर आधी वर बघते. एका दिवसाचं कॉमिक खरं तर फारसं विनोदी नसतंच, आठवड्यातून एखादंच खुदकन हसवतं. पण कॉमिकमधल्या त्या पोराचं तोंड, त्याची सबब सांगायची पद्धत ओळखीची झाली की तिसऱ्या चौकटीत नुसतं गप्प उभं राहिलेलं दाखवलं तरी पुरतं. ही ओळख एकदम पुस्तक वाचून होत नाही, रोज थोडं थोडंच व्हायला लागतं. लहानपणी चिंटू असाच वाचला होता, तो १९९१ ला सुरू झाला, आणि पेपर हातात आला की बाबा पहिलं पान घ्यायचे आणि मी चिंटू. चार्ल्स शुल्झने तर पीनट्स हे अमेरिकन कॉमिक जवळजवळ पन्नास वर्षं एकट्याने काढलं, १९५० च्या ऑक्टोबरपासून, मदतनीस न ठेवता, आणि शेवटचं रविवारचं चित्र १३ फेब्रुवारी २००० ला छापून आलं तेव्हा त्याला जाऊन एक रात्र झाली होती.

माझी मोठी तक्रार आकाराची. अर्ध्या पानाची जाहिरात आली की पहिला बळी कॉमिकचा, एवढंसं करून टाकतात, अक्षरं वाचायला चष्मा पुसायला लागतो. हे दुखणं जुनंच आहे, कॅल्विन अँड हॉब्ज काढणारा बिल वॉटरसन यावरून भांडला होता आणि १९९२ मध्ये सुट्टीवरून परतल्यावर त्याने रविवारी अख्खं अर्धं पान मिळवलं, ज्यातल्या चौकटी पेपरवाल्यांना तोडता किंवा हलवता येणार नाहीत असं. आमच्या पेपरात भांडायला कोणी नाही बहुतेक.

नवरा म्हणतो वेळ घालवतेस. त्याला मी सांगितलं की न्यूयॉर्क टाइम्सनेही १९२४ मध्ये शब्दकोड्यांना वेळेचा अपव्यय म्हणून झोडपलं होतं आणि १९४२ मध्ये स्वतःच छापायला घेतलं. त्यावर तो गप्प, आणि हल्ली खेळाडूंची नावं असलेल्या सूचना परस्पर सांगतो, न विचारता. स्मरणशक्ती वाढते वगैरे म्हणतात त्याचा मला काही अनुभव नाही, चष्मा मी अजून तसाच विसरते.

स्टार द्यायचे तर कोड्याला चार, कॉमिकला साडेतीन, छपाईला दोन. पेपर चालू ठेवणार आहे.

हे लिहितानाही उभा सात अडलेला आहे. 'पाणी', घरं दोन. जल, नीर, तोय, वारि, काहीही असू शकतं, दोन्ही घरांना आडवा शब्द नाही. बाबांनी तिथे निळ्या पेनाने 'नीर' लिहून ठेवलंय.