धार्मिक छापचित्र कोरायचंय: लाकूड घ्यावं की तांबं?

आधी एवढंच ठरवा: चित्रासोबत मजकूर छापायचा आहे का? असेल तर लाकूड घ्या. लाकडी ठोकळ्यात रेघ वर राहते, बाकीचं खोल जातं. छपाईचे खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, तेही तसेच. ठोकळा खिळ्यांच्या उंचीचा, म्हणजे सुमारे २३.३ मिलिमीटर केला, की स्तोत्र आणि चित्र एकाच दाबात उमटतात. तांब्याचं उलटं. तिथे शाई कोरलेल्या खाचेत बसते, वरचा पत्रा पुसून घ्यायचा आणि ओलसर कागद रुळांच्या प्रेसमधून काढायचा. मजकूर मग वेगळा छापावा लागतो.

जर्मन चित्रकार ड्यूररने दोन्ही वापरलं. बायबलमधल्या जगाच्या अंताच्या दृष्टांतांवरचं १४९८ चं 'अपोकॅलिप्स' म्हणजे १५ मोठी लाकडी छापचित्रं, मजकुरासह. १५०७ ते १५१३ मधली ख्रिस्ताच्या यातनांवरची 'पॅशन' मालिका मात्र तांब्यावर, तळहाताएवढी, हातात धरून निरखण्याजोगी. असे कागद लांबवर पोचत: तिच्यातल्या १५११ च्या क्रुसावरील प्रसंगातला संत जॉन मुघल चित्रकार अबुल हसनने १६०० च्या सुमारास, तेराव्या वर्षी, नकलून काढला.

चेहरा महत्त्वाचा असेल तर तांबंच. गालावरच्या सावलीसाठी दहा रेघांवर दहा आडव्या रेघा टाकल्या तर लाकडात मधली ८१ घरं एकेक करून उकरावी लागतात. तांब्यात वीस रेघांत काम होतं. फ्रेंच कोरीवकार क्लोद मेलाँने १६४९ मध्ये ख्रिस्ताचा अख्खा चेहरा नाकाच्या शेंड्यापासून गोल फिरत जाणाऱ्या एकाच रेघेत कोरला. सावली हवी तिथे रेघ जाड, बस्स.

पण हात बसायला वेळ लागतो. ब्युरिन म्हणजे तांबं कोरायची टोकदार पोलादी छिन्नी; तिची मूठ तळहातात टेकवून ती पुढे ढकलायची. वळण आलं की चामड्याच्या उशीवरचा पत्रा फिरवायचा. टोक बोथट झालं की ब्युरिन सटकते आणि ओरखडा नेमका डोळ्यावरून जातो. तो खरवडून, घोटून, मागून हलकेच ठोकून भरता येतो. खाचेच्या कडेला उठलेली धार काढली नाही तर ती शाई धरते आणि रेघ फुलते. पत्र्याच्या कडा तिरप्या घासा, नाहीतर कागद फाटतो. लाकडात रेघ तुटली तर तेवढा भाग कापून नवा तुकडा बसवावा लागतो.

प्रती हजारोंनी हव्यात तर लाकूड. तांब्याच्या बारीक रेघा काही शे प्रतींनंतर फिक्या पडू लागतात. तांब्यावर मेणाचा थर देऊन, त्यात रेघा ओढून, त्या आम्लाने खोदणं सोपं, पण थर तडकला की आम्ल नको तिथे खातं.

दोन्हीत चित्र उलटं उमटतं. रेखाटन आरशात बघून मगच कोरा, नाहीतर आशीर्वादाचा हात डावा होतो.