शिक्षक लेखन गट: वर्षभराचा अनुभव, झेरॉक्सच्या हिशेबासह

गटाच्या वर्गणीचा मेसेज आलाय. १२०० रुपये, महिनाअखेरपर्यंत. त्यात परवा, गट जमतो त्या हॉलखालचा झेरॉक्सवाला चार लोकांत माझ्यावर डाफरला. राग ताजा आहे तोवरच लिहून टाकते.

गटाची पद्धत मनपाच्या बऱ्याच शिक्षकांना ऐकून माहीत आहे. दुसऱ्या शनिवारी सकाळची पाळी आटोपून जमायचं, वर्गातल्या एखाद्या प्रसंगावर हाताने लिहायचं, मग एकाने घरून लिहून आणलेलं वाचायचं. ऐकणाऱ्यांनी 'छान' म्हणायचं नाही, फक्त विचारायचं. ही कल्पना आमच्या संयोजक ताईंची नाही, तसं त्या सांगतातही. १९७४ मध्ये बर्कलीत जेम्स ग्रे यांनी बे एरिया रायटिंग प्रोजेक्ट सुरू केला, त्याचाच पुढे अमेरिकाभर नॅशनल रायटिंग प्रोजेक्ट झाला. लेखन शिकवणाऱ्याने स्वतः लिहिलं पाहिजे आणि शिक्षकाला शिकवायला शिक्षकच हवा, एवढाच त्याचा गाभा. वरून खाली झिरपणारी आपली प्रशिक्षणं ज्यांनी सोसलीत, त्यांना यातलं सुख वेगळं सांगायला नको. राज्यस्तरावरची पीपीटी सुलभकांच्या हातून आमच्या केंद्रात पोचते तोवर तिच्यात फक्त चहाची वेळ स्पष्ट उरलेली असते.

आता झेरॉक्स. नियम असा की ज्याची पाळी त्याने सगळ्यांसाठी प्रती आणायच्या, स्वखर्चाने. अकरा जण, लेख तीन पानी, एका पानाचे दोन रुपये. झाले ६६ रुपये. हॉलखालच्या दुकानात शनिवारी तीन रुपये घेतात, म्हणजे ९९. वर्गणी भरूनही! पीडीएफ पाठवू या, असं मी सुचवलं. ताई म्हणाल्या, फोनवर लोक वाचत नाहीत, सरकवतात. पाठपोट काढू या म्हटलं, तर मागच्या पानावर पेन्सिल उमटते. गटावर रीतसर लिहिलं तर उत्तरात हात जोडलेली इमोजी आली. पहिले चार-पाच महिने मी लिखाणापेक्षा या खर्चाचाच जास्त विचार केला, आणि त्यात काही गैर होतं असं मला वाटत नाही. शाळेत खडू-डस्टरपासून स्नेहसंमेलनाच्या पताकांपर्यंत पदरमोड कोण करतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पण दिवाळीनंतर माझं मत थोडं हललं. माझ्या तिसरीतला एक मुलगा धडा घडाघडा वाचतो आणि विचारलं की गप्प बसतो. त्याच्यावर मी लिहिलं होतं. वाचून झाल्यावर नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या प्रती खुणांसह माझ्याकडे परत आल्या. उर्दू माध्यमाच्या एका बाईंनी समासात बारीक अक्षरात विचारलं होतं, "घरी कोणती भाषा?" शाळेच्या जनरल रजिस्टरला मातृभाषेपुढे 'मराठी' लिहिलेलं आहे. त्याच्या आईला विचारलं तर घरी सगळे गोरबोली बोलतात. बंजारा कुटुंब, बांधकामाच्या कामावर. मग नुसतं वाचून घेणं थांबवलं. आधी चित्रावर त्याने त्याच्या बोलीत सांगायचं, मग आम्ही दोघांनी मिळून मराठी शब्द शोधायचे, असं सुरू केलं. आता तो निदान उलट प्रश्न तरी विचारतो. मुंबई महापालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते, पण उर्दूवाल्या बाई आणि मराठीवाली मी एका टेबलाशी बसून एकच वर्ग वाचतोय, हे माझ्या नोकरीत दुसरीकडे कुठे घडलेलं नाही. ते समास मी फाईलला लावून ठेवलेत. प्रती कागदावरच हव्यात, हे मान्य. त्याचा भुर्दंड वाचणाऱ्यावरच का, हे अजून मान्य नाही.

म्हणून या खेपेला शाळेतले पाठकोरे कागद नेले, गेल्या वर्षीच्या सराव प्रश्नपत्रिकांचे. एकाला स्टेपलरची पिन राहिली होती, मशीन अडकलं, आणि दुकानदाराने माझी शाळा घेतली. सराव परीक्षेचे कागद नीट तपासून घ्यावेत, हे मला झेरॉक्सवाल्याने सांगावं!

बाकीचं थोडक्यात. हॉलमधले पंखे जोरात चालतात, मागे बसलात तर वाचन ऐकू येत नाही. निवडणुकीचं काम लागलं की निम्मा गट गायब. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नेच निवडणूक, जनगणना आणि आपत्तीची कामं आपल्या गळ्यात ठेवलीत, तिथे ताईंचा इलाज नाही. प्रमाणपत्र मिळत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाचे सांगितलेत, पण इथले तास आमच्याकडे कुणी धरत नाही. नोकरीची बारा वर्षं भरत आलीत आणि वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी प्रशिक्षणाचा कागद हवा असेल, तर शनिवार घरी झोपून काढा, तो कागद इथे नाही.

मी वर्गणी भरते आहे, दोन हप्त्यांत. पहिल्या हप्त्यासोबत लेखी सूचना दिली आहे की १२०० पैकी २०० झेरॉक्स निधीत टाकावेत आणि प्रती स्टेशनबाहेरच्या दुकानात काढाव्यात, तिथे शनिवारीही दोन रुपयेच घेतात. ताई "बघू" म्हणाल्यात. दुसरा हप्ता तेव्हाच.